दाराशी आलेला अधिकारी आणि नागरिकाचा जाणण्याचा हक्क

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या एकत्रित अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माहितीच्या अधिकारावर चार शब्द सांगावेत, असे निमंत्रण मला आले, तेव्हा कायद्याची कलमे एकापाठोपाठ एक वाचून दाखवावीत असे प्रथम मनात आले होते. परंतु त्याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला आणि मी विषयाची मांडणी बदलली. हा विद्यार्थी इंग्लंडमधील स्विंडन शहरात राहतो. आपल्या गोव्यातील कित्येक कुटुंबे त्या शहरात स्थायिक झाली आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याने मला विचारले, “सर, इथे टेलिव्हिजनचे लायसन्स लागते. लायसन्स नसलेल्या घरी तपासणीस येतो म्हणतात. तो दाराशी आला तर त्याला आत घ्यावेच लागते का?”

प्रश्न साधा होता, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. शासनाच्या नावाने कोणी आपल्या दाराशी येतो, तेव्हा त्याचा अधिकार कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे जाणण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही? आजचे माझे बोलणे या एका प्रश्नाभोवतीच राहील.

रेडिओच्या परवान्याची आठवण

येथे बसलेल्या तरुण मंडळींना कदाचित खरे वाटणार नाही, परंतु आपल्या देशातही एके काळी रेडिओ बाळगण्यासाठी परवाना काढावा लागत असे. पोस्टात परवान्याचे एक छोटे पुस्तक मिळे. दरवर्षी शुल्क भरून त्यात तिकीट चिकटवून घ्यावयाचे. पुढे टेलिव्हिजन आला, तेव्हा त्यासही परवाना लागू झाला. रेडिओस वर्षाला १५ रुपये व टेलिव्हिजनला ५० रुपये, असे दर पुष्कळांच्या स्मरणात असतील. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद झाली.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर दोन रेडिओ होते. एक आमचा आणि एक शेजारच्या काकांचा. वर्षा-दोन वर्षांतून एकदा कोठून तरी वार्ता येई की, ‘वायरलेसचा इन्स्पेक्टर आला आहे.’ लगेच काकांचा रेडिओ भाताच्या कणगीत जाई. त्यांचा परवाना थकलेला असे, म्हणून ते लपवीत, हे समजण्यासारखे होते. पण आमच्या वडिलांनी तर शुल्क वेळेवर भरलेले असे, पुस्तकात तिकीट चिकटवलेले असे. तरीही आई आमचा रेडिओ कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवी. मी तिला एकदा कारण विचारले. ती म्हणाली, “तो काय करील, काय नेईल, कोणाला ठाऊक?” तो इन्स्पेक्टर आमच्या वाड्यावर कधीच आला नाही. परंतु त्याची भीती मात्र नेमाने येत असे.

मंडळी, या घटनेचा अर्थ मला फार पुढे कळला. ज्याने नियम मोडला तो घाबरला, हे कायद्याचे काम झाले. ज्याने नियम पाळला तोही घाबरला, हे मात्र अज्ञानाचे काम होते. इन्स्पेक्टरचा अधिकार किती, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते, आणि विचारावे असे आमच्या मनातही आले नव्हते.

ब्रिटनमधील व्यवस्था

आता ब्रिटनकडे वळू. तेथे ही पद्धत आजही चालू आहे आणि तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९२२ साली रेडिओ ऐकण्यासाठी १० शिलिंगांचा परवाना सुरू झाला. १९४६ साली टेलिव्हिजनचा परवाना आला. त्याचे शुल्क २ पौंड होते. १९७१ साली केवळ रेडिओसाठीचा परवाना रद्द झाला, टेलिव्हिजनचा मात्र राहिला. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे वार्षिक शुल्क १७४.५० पौंड करण्यात आले. या पैशांतून मुख्यतः बी.बी.सी. या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा खर्च चालतो. जाहिरातदारांच्या किंवा सरकारच्या तोंडाकडे न पाहता तिला काम करता यावे, हा त्यामागील हेतू आहे, आणि तो हेतू हलका लेखण्यासारखा नाही.

परवान्याची अंमलबजावणी पूर्वी टपालखाते पाहत असे. १९९१ पासून ती जबाबदारी बी.बी.सी.कडे आली. बी.बी.सी.ने हे काम कंत्राटाने दिले असून वसुलीचा व तपासणीचा मोठा भाग २००२ पासून कॅपिटा नावाच्या खाजगी कंपनीकडे आहे. लोकांना मात्र पत्रावर ‘टी.व्ही. लायसन्सिंग’ हे एकच नाव दिसते. म्हणजे दाराशी येणारा गृहस्थ पोलीस नसतो, सरकारी नोकरही नसतो. तो कंत्राटदाराचा कर्मचारी असतो.

त्याचा अधिकार किती? घरात राहणाऱ्याच्या संमतीवाचून, किंवा न्यायालयाकडून झडतीचे वॉरंट मिळविल्यावाचून, त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. ज्या घरी प्रसारण चालू असताना कोणतीही वाहिनी पाहिली जात नाही आणि बी.बी.सी.ची आय-प्लेअर ही सेवाही वापरली जात नाही, त्या घराला, टेलिव्हिजन संच असला तरीही, परवाना लागत नाही. परवान्यावाचून पाहणे हा मात्र फौजदारी गुन्हा आहे. त्यासाठी १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. या गुन्ह्यासाठी थेट तुरुंगवास नाही. परंतु झालेला दंड बुद्ध्या न भरल्यास तुरुंगवासापर्यंत प्रकरण जाऊ शकते.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या चार वाक्यांत आले. ते गुप्तही नव्हते. टी.व्ही. लायसन्सिंगच्या प्रसिद्ध केलेल्या माहितीत ते आहे. खटला केव्हा भरावयाचा याची नियमावलीही प्रसिद्ध आहे. परंतु प्रसिद्ध असणे वेगळे आणि ज्याच्या दारावर थाप पडते त्याला ते माहीत असणे वेगळे. नव्या देशात, परक्या भाषेत, दिवसभर कारखान्यात राबून घरी आलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

गाड्यांचे गुपित

१९५२ साली ब्रिटिश टपालखात्याने परवान्यावाचून चालणारे टेलिव्हिजन संच हुडकून काढणारी पहिली मोटारगाडी लोकांसमोर आणली. जुने संच चालू असताना त्यांतून स्वतःच्या क्षीण विद्युत्-लहरी बाहेर पडत. छतावर एरियल लावलेली ही गाडी रस्त्यावरून जाताना त्या लहरी पकडी आणि कोणत्या घरात संच चालू आहे याचा अंदाज बांधी. या गाड्यांची पुढे एवढी प्रसिद्धी झाली की, गाडी गावात येणार अशी वार्ता पसरली तरी पोस्टासमोर रांग लागावी. आमच्या वाड्यावरच्या वार्तेची ही विलायती बहीणच म्हणावयाची!

२००० साली ब्रिटिश संसदेने माहिती-स्वातंत्र्याचा कायदा केला आणि १ जानेवारी २००५ पासून तो अमलात आला. त्यानुसार कोणाही व्यक्तीला सार्वजनिक संस्थेकडे लेखी माहिती मागता येते व संस्थेने कामाचे २० दिवस संपण्यापूर्वी उत्तर द्यावयाचे असते. बी.बी.सी.च्या पत्रकारितेशी, कलेशी व साहित्याशी संबंधित माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. परंतु परवान्याची वसुली म्हणजे काही पत्रकारिता नव्हे, म्हणून ती कक्षेत येते. कंत्राटदार कंपनीने बी.बी.सी.च्या वतीने ठेवलेली माहितीही येते. काम कंत्राटाने दिले म्हणून उत्तरदायित्व कंत्राटाने देता येत नाही, हे तत्त्व येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

साहजिकच लोकांनी विचारले: अशा गाड्या किती आहेत? त्या कशा चालतात? बी.बी.सी.ने हे सांगण्यास नकार दिला. तिचे म्हणणे असे की, गाड्यांची संख्या व त्यांची क्षमता कळली, तर आपण पकडले जाण्याचा संभव किती याचा हिशेब शुल्क चुकविणारा करील आणि मग धाक उरणार नाही. गुन्ह्याचा प्रतिबंध व गुन्हेगारांचा शोध यांस बाध येईल अशी माहिती रोखण्याची तरतूद त्या कायद्याच्या ३१ व्या कलमात आहे. परंतु रोखण्यात अधिक लोकहित आहे की देण्यात, हे तोलून पाहावे लागते. प्रकरण माहिती आयुक्तांपर्यंत गेले आणि त्यांनी बी.बी.सी.चे म्हणणे ग्राह्य धरले. गाड्यांची संख्या गुलदस्त्यातच राहिली. मात्र याच पत्रव्यवहारांतून एक गोष्ट उजेडात आली. या यंत्रांचा पुरावा खटल्यात न्यायालयापुढे ठेवला जात नाही. त्याचा उपयोग झडतीचे वॉरंट मागण्यापुरता होतो, असे बी.बी.सी.ने कळविले.

या निर्णयावर आपण काय म्हणावे? माझे मत असे की, अंमलबजावणी करणाऱ्यास काही गुपिते ठेवू देणे अपरिहार्य आहे. उद्या कोणत्या वाड्यावर तपासणी होणार हे आज जाहीर केले, तर तपासणीला अर्थ राहत नाही. जो प्रामाणिकपणे शुल्क भरतो त्याच्यावरही तो अन्याय होईल. परंतु पद्धत गुप्त ठेवणे आणि अधिकार गुप्त ठेवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाड्या किती हे न सांगता कायदा चालू शकतो. ‘तुम्ही दार उघडण्यास बांधलेले नाही’ हे न सांगता जो कायदा चालतो, तो कायदा नागरिकाच्या अज्ञानावर चालतो.

आकड्यांनी काय दाखविले

माहिती उघड झाल्याने काय साधते, असा प्रश्न काही मंडळी विचारतात. याचे उत्तरही या प्रकरणात आहे.

२०१५ साली डेव्हिड पेरी या नामवंत वकिलांनी ब्रिटिश शासनासाठी या अंमलबजावणीची चौकशी केली. त्यापूर्वी एक आकडा फार गाजला होता. २०१३ साली इंग्लंड व वेल्समधील मॅजिस्ट्रेट न्यायालयांपुढे आलेल्या दर दहा प्रकरणांपैकी एकाहून अधिक प्रकरण टेलिव्हिजनच्या परवान्याचे होते. न्यायालये या खटल्यांखाली दबून गेली आहेत, असा ग्रह त्यामुळे झाला. परंतु दुसराही आकडा पुढे आला. न्यायालयांचा त्यावर खर्च होणारा वेळ एकूण वेळाच्या अवघा ०.३ टक्के होता, कारण ही प्रकरणे एकगठ्ठा निकालात निघतात. दोन्ही आकडे खरे. एकटा पहिला सांगितला तर दिशाभूल होते, एकटा दुसरा सांगितला तर हजारो माणसांवर खटले झाले हे विसरले जाते. म्हणून माहिती मागताना व देतानाही ती पूर्ण असावी, हा धडा आपण घ्यावा. पेरी यांनी सर्व बाजू पाहून, त्या वेळच्या व्यवस्थेत हा गुन्हा फौजदारीच ठेवावा, अशी शिफारस केली.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. शासकीय आकडेवारीची स्त्री-पुरुष अशी फोड केल्यावर दिसून आले की, दोषी ठरलेल्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. २०१९ साली ती सुमारे तीन-चतुर्थांश होती. स्त्रिया काही पुरुषांहून अधिक कायदा मोडीत नाहीत. मग असे का व्हावे? तपासणीस दिवसा येतो, त्या वेळी घरी बहुधा स्त्री असते. दार तीच उघडते, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरेही तीच देते आणि कागदावर नावही तिचेच लागते. त्यातच एकटीच्या बळावर घर चालविणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. परवाना घराचा, टेलिव्हिजन घरातील सर्वांचा, आणि शिक्षेची नोंद मात्र दार उघडणारीच्या नावावर! हे आकडे प्रसिद्ध झाल्यामुळेच बी.बी.सी.ला याचा विचार करणे भाग पडले आणि २०१७ साली या विषमतेवर तिने स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. एकेका स्त्रीला वाटत होते की हे आपलेच दुर्दैव आहे. आकड्यांची बेरीज झाली तेव्हा कळले की हा व्यवस्थेचा दोष आहे.

या बेरजेची आवश्यकता आता वाढली आहे. २०१५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये अशी साधी प्रकरणे एकच मॅजिस्ट्रेट केवळ कागदपत्रे वाचून निकालात काढू शकतो. आरोपी उपस्थित नसतो, प्रेक्षक नसतात. काम लवकर होते हे खरे. पण पूर्वी उघड्या न्यायालयात बसून जे कोणालाही दिसत होते, ते आता कागदावर मागूनच पाहावे लागते.

आपल्याकडील कायदा

मंडळी, आपल्याकडे टेलिव्हिजनचा परवाना राहिला नाही. पण दाराशी येणारी मंडळी राहिली आहेत. विजेच्या मीटरची तपासणी करणारे पथक येते, पाण्याच्या थकबाकीची नोटीस येते, घरपट्टीची आकारणी होते, दुकानदाराची वजने-मापे तपासली जातात. म्हणून हा विषय परदेशातला असला तरी परका नाही.

आणि या बाबतीत आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. सरकार काय करते हे जाणण्याचा हक्क लोकांना आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राज नारायण खटल्यात १९७५ सालीच म्हटले होते. राजस्थानात नव्वदच्या दशकात मजुरांनी व शेतकऱ्यांनी हजेरीपट व हिशेब गावासमोर वाचून दाखविण्याची मागणी केली आणि या हक्काला जनतेचे बळ मिळाले. आपल्या गोव्याच्या विधानसभेने १९९७ साली माहितीच्या हक्काचा कायदा केला. ब्रिटिश संसदेच्या आधी तीन वर्षे आणि केंद्राच्या कायद्याच्या आधी आठ वर्षे! १२ ऑक्टोबर २००५ पासून देशात केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम अमलात आला.

या अधिनियमातही ब्रिटनप्रमाणेच अंमलबजावणीच्या माहितीला संरक्षण आहे. तपासाच्या, गुन्हेगारास पकडण्याच्या किंवा खटल्याच्या कामात अडथळा येईल अशी माहिती कलम ८(१)(ज), इंग्रजी प्रतीतील ‘एच’ खंडानुसार, नाकारता येते. परंतु ‘चौकशी चालू आहे’ एवढेच लिहून अर्ज निकालात काढता येत नाही. माहिती दिल्याने अडथळा कसा येईल हे दाखवून द्यावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली भगत सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय कलम ८(२) नुसार लोकहित अधिक असेल तर संरक्षित माहितीही देता येते. कलम १० नुसार रोखण्याजोगा भाग वगळून उरलेला भाग देता येतो. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अपिलात अर्जदारावर नसून माहिती अधिकाऱ्यावर असते.

मग अंमलबजावणीविषयी आपण काय विचारावे? माझ्या मते चार गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. पहिली, हा अधिकारी कोणत्या कायद्याने व कोणाच्या आदेशाने येतो? दुसरी, त्याला काय करता येते व काय करता येत नाही? तिसरी, वर्षभरात किती घरी तपासणी झाली, किती जणांवर कारवाई झाली आणि ती कोणत्या वाड्यांवर व कोणत्या थरातील लोकांवर झाली? चौथी, या कामावर खर्च किती आणि वसुली किती? या चारही प्रश्नांच्या उत्तराने एकही चोर सावध होत नाही. पाचवा एक प्रश्न मात्र विचारू नये: उद्या कोणाच्या घरी जाणार? आणि विचारलाच तर अधिकाऱ्याने नम्रपणे, कलम दाखवून, नकार द्यावा.

तिघांना विनंती

शासकीय कर्मचारी बंधूंना माझी विनंती आहे. कलम ४ नुसार आपल्या अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये, तसेच कामाचे नियम व सूचना आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या असतात. त्या केवळ संगणकावर न ठेवता पंचायतीच्या फलकावर, लोकांच्या भाषेत, ठळक अक्षरांत लावाव्यात. आपले अधिकार लोकांना कळले तर आपला मान कमी होईल, अशी शंका बाळगू नये. धाकाने झालेली वसुली धाक संपताच थांबते. नियम समजून भरणारा माणूस दरवर्षी आपल्या पायांनी येतो.

शिक्षक बंधुभगिनींनी नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांकडून एक अर्ज प्रत्यक्ष लिहून घ्यावा. अर्जासाठी १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, उत्तर न मिळाल्यास वरिष्ठांकडे पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील, एवढे त्यांना तोंडपाठ असावे. माहिती कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागत नाही, हेही त्यांना सांगावे.

ग्रामस्थहो, आपणांस सांगणे एवढेच की, लिहिता येत नाही म्हणून मागे राहू नका. तोंडी सांगितलेला अर्ज लिहून घेण्यास साहाय्य करणे, हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस शुल्क नाही. विशेषतः घरातील स्त्रियांना हे सांगा. ब्रिटनमध्ये काय झाले ते आपण ऐकलेत. दार बहुधा त्याच उघडतात. म्हणून अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहण्याचा, तो कोणत्या अधिकाराने आला हे विचारण्याचा आणि वाचल्याशिवाय सही न करण्याचा आपला हक्क सर्वांआधी त्यांना ठाऊक असला पाहिजे.

माझ्या विद्यार्थ्याला मी काय उत्तर दिले, ते सांगून हे भाषण संपवितो. मी त्याला म्हणालो, “बाळ, कायद्याने परवाना लागत असेल तर तो काढ, त्यात टाळाटाळ करू नकोस. लागत नसेल तर घाबरू नकोस. संमती द्यावयाची की नाही, हे ठरविणे तुझ्या हाती आहे. आणि हे तुझ्या शेजाऱ्यांनाही सांग.” माझ्या आईला त्या काळी कोणी एवढे सांगितले असते, तर आमचा रेडिओ माळ्यावर गेला नसता.